काळ्या कातळाच्या पोटातील स्फटिक : दगड, खनिजे आणि रत्ने यांचे अगदी जवळून छायाचित्रण

कातळवेडी (धागाकर्ती, पुणे)

चार वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यात माझ्या मावसभावाच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. सुरुंग लावल्यानंतर वर काढलेल्या दगडांच्या ढिगात नारळाएवढा एक काळा दगड दोन भागांत फुटलेला पडला होता. त्याच्या पोकळीत फिकट गुलाबी रंगाचे, मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे स्फटिक होते आणि त्यांच्या मध्ये पाण्यासारखे स्वच्छ, चौकोनी खडे बसले होते. मजुरांना त्याचे विशेष वाटले नाही, कारण त्या भागात विहीर खणताना असे दगड निघतातच. मी मात्र तो दगड ओढणीत गुंडाळून पुण्याला आणला आणि त्या रात्री मोबाइलने त्याची पन्नास-साठ छायाचित्रे काढली. एकही छायाचित्र मनासारखे आले नाही. डोळ्यांना जे दिसत होते ते पडद्यावर का उतरत नाही, या प्रश्नातून माझा हा छंद सुरू झाला.

पेंढीसारखे स्फटिक स्टिलबाईटचे आणि स्वच्छ खडे अपोफायलाईटचे, हे मला नंतर कळले. आज माझ्याकडे लहानमोठे ऐंशी नमुने आहेत. त्यांतले बरेचसे खडी क्रशरच्या मालकांची परवानगी घेऊन, काम बंद असताना, बाहेर टाकलेल्या दगडांतून निवडलेले आहेत. काही अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाल्यांकडून विकत घेतलेले आहेत. वाघोलीच्या खाणीतला निळ्या कॅव्हन्साईटचा एक लहानसा गोळा मला एका जुन्या संग्राहकाने दिला आणि सध्या माझा सर्वाधिक वेळ त्याच्यापुढेच जातो.

माझी साधने साधी आहेत. जुना डिजिटल एसएलआर कॅमेरा आहे, आणि फिल्मच्या काळातली ५० मिलिमीटरची लेन्स उलटी बसवण्यासाठी एक रिंग आहे. या लेन्सवर ॲपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) स्वतंत्र कडी असल्यामुळे ती उलटी बसवली तरी ॲपर्चर हाताने बदलता येते. उलटी लेन्स थेट कॅमेऱ्यावर लावली की वस्तू सेन्सरवर जवळजवळ मूळ आकाराची उमटते, आणि मध्ये साधारण ५० मिलिमीटर लांबीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून दूर नेणाऱ्या पोकळ नळ्या) घातल्या की दुप्पट होते. तीन वर्षे मी याच मोठेपणाच्या मागे होते. अलीकडे मात्र मला वाटू लागले आहे की या छंदात मोठे दिसण्यापेक्षा प्रकाश कोठून आणि कसा येतो, हेच निर्णायक आहे. एकच स्टिलबाईट समोरून थेट उजेड टाकला तर खडूच्या तुकड्यासारखा दिसतो. तोच बाजूने आणि किंचित मागून, ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला उजेड दिला की त्याच्या पाकळ्यांचे थर एकेक मोजता येतात.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. पहिला, अपोफायलाईटचा एक विशिष्ट पैलू प्रत्येक छायाचित्रात पांढरा फटक येतो, दिवा कितीही हलवला तरी. दुसरा, कॅव्हन्साईटचा निळा रंग पडद्यावर कधी जांभळट तर कधी नुसत्या शाईच्या डागासारखा येतो. तिसरा, अनेक छायाचित्रे एकत्र जोडून पूर्ण स्पष्ट चित्र करताना पारदर्शक स्फटिकांच्या कडेला धूसर वलये उमटतात. छंदात नव्याने येणाऱ्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून प्रत्येकाने आपले अनुभव थोडे सविस्तर लिहावेत, ही विनंती.

भूशास्त्र_वाचक (नाशिक)

धागा वाचून फार आनंद झाला. मी महाविद्यालयात तीस वर्षे भूशास्त्र शिकवले आणि आपल्या पायाखाली काय दडले आहे याची आपल्याच लोकांना ओळख नाही, याची खंत मला नेहमी वाटत आली आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांतून झिरपलेल्या कोमट-गरम पाण्याने खडकातले कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून त्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात बसवले. विहिरी, खाणी, बोगदे आणि रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर यांतूनच ते आपल्याला दिसतात. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेताना फोडलेल्या कातळात असे उत्तम नमुने निघाले आणि ते परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचले. आपल्याकडे पाहायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहेच. ताईंचा पहिला दगड त्याच तालुक्यातला निघावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

एक दुरुस्ती सुचवतो. हे सगळे दगड बाजारात सरसकट ‘झिओलाईट’ म्हणून विकले जातात, परंतु झिओलाईट हा पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा एक ठरावीक गट आहे आणि अपोफायलाईट हे झिओलाईट नाही. ते झिओलाईटच्या सोबतीने त्याच पोकळ्यांत वाढते, इतकेच. झिओलाईट हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी दिले. तापवल्यावर त्या खनिजातील पाणी फसफसून बाहेर पडले म्हणून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे ग्रीक नाव त्यांनी निवडले. छायाचित्रकारांनी हे लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. या खनिजांत पाणी असते, म्हणून हॅलोजनसारखे तापणारे दिवे त्यांच्याजवळ आणू नयेत. लोमोंटाईट नावाचे झिओलाईट तर कोरड्या हवेत नुसते ठेवले तरी पाणी गमावून भुसभुशीत होते आणि काही काळाने त्याची पूड पडते. ते मिळाले तर छायाचित्र लगेच काढावे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. अपोफायलाईटचा स्फटिक चौरस खांबासारखा असतो. त्याच्या उभ्या बाजूंना काचेसारखी चकाकी आणि बारीक उभ्या रेघा असतात, परंतु वरच्या सपाट पैलूला मोत्यासारखी चकाकी असते. त्या पैलूला समांतर हे खनिज सहज दुभंगते. आतल्या त्या पातळ थरांवरून उजेड परत फिरतो आणि म्हणून तो पैलू दुधाळ दिसतो. जुन्या खनिजशास्त्रज्ञांनी याला ‘माशाच्या डोळ्याचा दगड’ अशा अर्थाचे नावही दिले होते. तुमचा पांढरा पडणारा पैलू बहुधा हाच आहे आणि तो दोष नसून त्या खनिजाची ओळख आहे. ती पुसून टाकू नका. ती मोत्यासारखी दिसेल आणि जळणार नाही, इतकाच उजेड ठेवा.

अंधारखोली (ठाणे)

सरांनी ‘का’ सांगितले, मी ‘कसे’ सांगण्याचा प्रयत्न करतो. मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे. दिवसभर दागिन्यांच्या जाहिरातींचे काम करतो आणि रात्री हेच दगड घेऊन बसतो.

सपाट चकचकीत पैलूंसमोर दिवा म्हणजे आरशासमोर दिवा. आरशात दिवा दिसणारच. त्यामुळे दिवा हलवण्यापेक्षा तो मोठा आणि मऊ करणे महत्त्वाचे असते. खड्याच्या भोवती ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपरचा दंडगोल उभा करावा आणि दिवे त्याच्या बाहेर ठेवावेत. मग पैलूत दिव्याचा ठिपका न दिसता उजळ कागद दिसतो, आणि कागद एका बाजूला उजळ तर दुसऱ्या बाजूला अंधुक ठेवला की पैलूवर उजेडाची चढ-उतार मिळते. तिच्यामुळेच पैलू सपाट आहे हे डोळ्याला कळते. पूर्ण पांढरा तंबू मात्र करू नये, कारण चारही बाजूंनी सारखा उजेड पडला की स्फटिक साबणाच्या वडीसारखा दिसतो. मी दंडगोलाच्या आत काळ्या कार्डाच्या दोन पट्ट्या उभ्या करतो. त्यांचे प्रतिबिंब स्फटिकाच्या कडांवर काळी रेघ ओढते आणि आकार उठून येतो.

प्रतिबिंब घालवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे दिव्यापुढे पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे जाऊ देणारी) आणि लेन्सवर तसाच पोलरायझर लावून दोन्ही परस्परांना काटकोनात फिरवणे. पृष्ठभागाची चमक त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते आणि खालचा रंग खोल दिसतो. कॅव्हन्साईट, ॲगेट किंवा ओल्या दिसणाऱ्या जास्परसाठी हा उपाय मी वापरतो. अपोफायलाईट आणि मोत्यासारखीच चकाकी असलेल्या ह्युलँडाईटसाठी वापरत नाही, कारण सर ज्या मोत्यासारख्या चकाकीविषयी बोलले तीही त्याबरोबर निघून जाते.

निळ्या रंगाच्या अडचणीत दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) स्वतः ठरवत असेल, तर समोर सगळे निळेच आहे असे पाहून तो त्यात पिवळा मिसळतो. म्हणून त्याच दिव्याखाली राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स हाताने निश्चित करावा आणि छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, घ्यावे. दुसरे कारण असे की इतका गडद निळा रंग असताना सेन्सरचा निळा भाग इतर दोन रंगांच्या आधीच भरून वाहतो आणि तेथे तपशील उरत नाही. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या प्रमाणाच्या आलेखात) हे दिसत नाही, लाल-हिरवा-निळा असे वेगवेगळे आलेख पाहावे लागतात. एक्स्पोजर थोडे कमी ठेवले की कॅव्हन्साईटच्या गोळ्यातील एकेक सुई वेगळी दिसू लागते. स्वस्त एलईडी दिव्यांच्या वर्णपटात काही रंग अपुरे असतात, त्यामुळे रंग अचूक दाखवणारे, नव्वदच्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेले दिवे घ्यावेत.

आता स्पष्टतेची खोली. मूळ आकाराएवढे चित्र घेताना एफ-८ ॲपर्चरला (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) सुमारे एक मिलिमीटर जाडीचा भागच स्पष्ट येतो. ॲपर्चर लहान करून हा प्रश्न सुटत नाही, कारण जवळून घेताना प्रत्यक्षातले ॲपर्चर लिहिलेल्या आकड्यापेक्षा लहान असते. लिहिलेल्या आकड्याला ‘एक अधिक मोठेपणा’ने गुणले की ते साधारण कळते. दुप्पट मोठेपणाला एफ-८ चे एफ-२४ होते आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळे चित्रच मऊ पडते. म्हणून दुप्पट मोठेपणाला मी एफ-४ वर राहतो. तेथे स्पष्ट भाग जेमतेम ०.१८ मिलिमीटरचा मिळतो, म्हणून सरकत्या पट्टीवर कॅमेरा ०.१ मिलिमीटरने पुढे नेत जातो. चार मिलिमीटर खोल स्फटिकाला चाळीसच्या आसपास छायाचित्रे लागतात आणि झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकससारखे सॉफ्टवेअर त्यांतला स्पष्ट भाग निवडून जोडते.

पारदर्शक स्फटिकात वलये येण्याचे कारण येथेच आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूला एकच ‘सर्वांत स्पष्ट’ थर निवडते, पण पारदर्शक पैलूच्या एकाच बिंदूवर वरचा ओरखडाही स्पष्ट असतो आणि आरपार दिसणारा मागचा स्टिलबाईटही. त्याला दोहोंतून निवड करता येत नाही. मी अशा वेळी दोन वेगळे संच जोडतो, एक पुढच्या पैलूंचा आणि एक मागच्या भागाचा, आणि शेवटी हाताने ब्रश फिरवून कोठे कोणता ठेवायचा ते ठरवतो. झेरीनमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स एकमेकांवरून जाणाऱ्या सुयांसाठी चांगली आहे, तर डीमॅप गुळगुळीत पैलूंचा रंग आणि पोत अधिक प्रामाणिकपणे राखते.

आणि पंखा बंद करा. दुप्पट मोठेपणाला छताच्या पंख्याची थरथर, शेजारच्या घरातला मिक्सर आणि रस्त्यावरचा ट्रक हे सगळे चित्रात उतरते. फ्लॅश वापरला तर त्याच्या क्षणिक उजेडामुळे हा त्रास बराच कमी होतो.

खाणीकाठचा (संगमनेर)

मी अकरावीत आहे. आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर खडी क्रशर आहे आणि माझ्याकडे दप्तरभर दगड जमले आहेत, पण कॅमेरा नाही. घरातला एकच मोबाइल आहे आणि त्यात ‘मॅक्रो’ म्हणून वेगळी लेन्स आहे. तिने काढलेली छायाचित्रे मात्र धुरकट येतात. एवढ्यावर काही करता येईल का?

कातळवेडी

निश्चित करता येईल, आणि तू राहतोस ती जागा आमच्यापैकी अनेकांच्या साधनांपेक्षा मोलाची आहे.

बऱ्याच स्वस्त मोबाइलांत मॅक्रो नावाने दिलेली वेगळी लेन्स फारच कमी तपशिलाची असते. तिच्याऐवजी मुख्य कॅमेरा वापर आणि त्याच्यापुढे चांगले भिंग धर. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग मोबाइलच्या लेन्सवर नीट टेकवले तर चित्रात लक्षणीय फरक पडतो. मोबाइल हातात धरू नकोस. तो दोन विटांवर आडव्या ठेवलेल्या काचेवर उपडा ठेव आणि दगड खाली ठेवून त्याच्याखाली वह्या सरकवत उंची जुळव. टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. दिव्याऐवजी सकाळी खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड घे आणि सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा कर.

खाणीत मात्र एकट्याने जाऊ नकोस. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे, मालकाची परवानगी घे आणि सुरुंगाचे काम चालू असताना किंवा सुटलेल्या कड्याच्या खाली अजिबात थांबू नकोस. बाहेर टाकलेल्या ढिगातही भरपूर मिळते. दगड घरी आणताच त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेव : गाव, खाण, तारीख, आणि किती खोलीवरून निघाला असे मजुरांनी सांगितले. ती चिठ्ठी हरवली की नमुन्याचे अर्धे मोल जाते. माझ्या पहिल्या वर्षीच्या बारा नमुन्यांच्या चिठ्ठ्या मी ठेवल्या नाहीत आणि ते कोठले आहेत हे मला आज कोणालाही सांगता येत नाही. त्याचे दुःख अजून आहे.

धुताना साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड वापरू नकोस. त्यात कॅल्साईट विरघळतेच, शिवाय स्कोलेसाईटसारखी काही झिओलाईटही खराब होतात. कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे मिळाले तर ते ओकेनाईट असू शकेल. त्याला बोटही लावू नकोस, कारण त्याचे तंतू एकदा दबले की पुन्हा उठत नाहीत.

रत्नपारखी (मुंबई)

मी गेली बावीस वर्षे रत्नांच्या तपासणीचे काम करतो. खनिजांच्या बाहेरच्या रूपाविषयी येथे उत्तम लिहिले गेले आहे. पैलू पाडलेल्या रत्नात मात्र पाहण्याजोगे सारे काही आत असते, आणि पैलू पाडण्याचा हेतूच उजेड परत फेकणे हा असल्यामुळे आत पाहणे अवघड होते.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे रत्न द्रवात बुडवणे. द्रवाचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचा आकडा) रत्नाच्या जितका जवळ, तितके त्याचे पैलू अदृश्य होतात आणि अंतर्भाग उघडा पडतो. ग्लिसरीनचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आणि क्वार्ट्झचा १.५४ आहे, त्यामुळे जांभळा ॲमेथिस्ट किंवा पिवळा सिट्रीन हे क्वार्ट्झचे प्रकार ग्लिसरीनमध्ये जवळजवळ विरघळल्यासारखा दिसतो. माणिक आणि नीलम १.७६ च्या आसपास आहेत, तेथे परिणाम अपुरा असला तरी उपयोगी ठरतो. खालून ट्रेसिंग पेपरमधून उजेड द्यावा आणि बुडबुडे राहणार नाहीत याची काळजी घ्यावी. मोती, पोवळे, फिरोजा आणि ओपल कधीही बुडवू नयेत. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेले असते, म्हणून तोही द्रवापासून दूरच ठेवावा.

असे पाहिल्यावर जे दिसते त्याने मी अजूनही थबकतो. नैसर्गिक माणकात रुटाईल या खनिजाच्या सुया ठरावीक कोनांत एकमेकींना छेदत जातात आणि तिरक्या उजेडात रेशमासारख्या चमकतात. नैसर्गिक नीलमातील रंगाचे पट्टे सरळ असतात आणि षटकोनाच्या कोनांत वळतात, कारण स्फटिक तसाच वाढला. १९०२ मध्ये वर्न्यूई यांनी जाहीर केलेल्या ज्योतीच्या पद्धतीने केलेल्या माणकात मात्र वाढीच्या रेघा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या. एका चांगल्या छायाचित्रात हा फरक कोणालाही दाखवता येतो, आणि ग्राहकाला तोंडी समजावण्यापेक्षा ते छायाचित्र पुढे ठेवणे मला अधिक न्याय्य वाटते. घरी नवरत्नांची अंगठी असेल तर त्यातला गोमेद भिंगाखाली पाहा. खरा गोमेद, म्हणजे हेसोनाईट, आतून काकवीत पाणी ओतून ढवळल्यासारखा दिसतो. हे दृश्य एकदा पाहिले की विसरले जात नाही.

हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाईट आणि हिरा यांतील फरकही छायाचित्रात येतो. मॉइसनाईटमध्ये उजेडाचा किरण दोन भागांत फुटतो, म्हणून वरच्या बाजूने किंचित तिरके पाहिल्यास मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच राहतात.

ताईंनी ओकेनाईटचा उल्लेख केला, म्हणून सांगतो. भडक गुलाबी, हिरवे किंवा निळे ओकेनाईट विकायला आलेले दिसले तर ते रंगवलेले आहे असे समजावे. जवळून पाहिले की रंग तंतूंच्या मुळाशी आणि दगडाच्या भेगांत साचलेला दिसतो. कॅव्हन्साईटचे सुटे गोळे स्टिलबाईटवर चिकटवूनही विकले जातात. जोडाच्या ठिकाणी गोंदाची चकचकीत कडा किंवा त्यात अडकलेली धूळ दिसते. जवळून छायाचित्र काढण्याची सवय असलेला माणूस सहसा फसत नाही.

निळाई (कोल्हापूर)

मला वेगळे मत मांडायचे आहे. मी चित्रकार आहे आणि दगडांची छायाचित्रे मी रंग वाढवून, प्रसंगी संपूर्ण बदलून, मोठ्या आकारात छापते. ॲगेटच्या कापलेल्या चकतीमागून उजेड दिला की त्यात मला डोंगर, ढग आणि पाणी दिसते. ते अधिक गडद केले तर बिघडले कोठे? प्रत्येक छायाचित्र ही नोंदच असली पाहिजे, हा आग्रह मला जाचक वाटतो.

भूशास्त्र_वाचक

आपले काम चित्र म्हणून पाहताना माझा त्याला काहीही विरोध नाही, आणि ॲगेटच्या पट्ट्यांत डोंगर पाहण्याची परंपरा फार जुनी आहे. माझा आग्रह फक्त खनिजाच्या नावासह आणि ठिकाणासह प्रसिद्ध होणाऱ्या छायाचित्रांपुरता आहे. माइंडॅटसारख्या संकेतस्थळावर जगभरातील लोक नमुन्याची ओळख छायाचित्रावरून ताडून पाहतात. तेथे पुण्याच्या हिरव्या अपोफायलाईटचा रंग वाढवून टाकला, तर पुढे कोणीतरी खरा नमुना हातात घेऊन तो फिका आहे म्हणून नाकारतो. मी स्वतः एका विद्यार्थ्याला असे करताना पाहिले आहे. रंग बदललेला असेल तर तसे खाली लिहावे, एवढे पुरेसे आहे. आणि चौकटीत किती मिलिमीटर रुंदीचा भाग आहे ते प्रत्येक वेळी लिहावे, कारण तीन मिलिमीटरचा गोळा आणि तीस मिलिमीटरचा गोळा छायाचित्रात सारखेच दिसतात.

निळाई

हे मला मान्य आहे. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली मूळ दगडाचा लहानसा, रंग न बदललेला फोटोही लावीन.

सागरापार (एडिंबरा)

नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये आल्यावर मला वाटले होते की सह्याद्रीतले दगड मागे राहिले. मग स्काय बेटावर गेलो आणि तेथेही काळ्या कातळात पांढऱ्या पोकळ्या दिसल्या. तो लाव्हा दख्खनपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी अलीकडचा आहे, पण खनिजांचे कुटुंब तेच. जायरोलाईट हे खनिज प्रथम याच बेटावरून १८५१ मध्ये वर्णिले गेले आणि त्याचे गोल, पानापानांचे गोळे आपल्या पुण्या-मुंबईच्या खाणींतूनही निघतात. याउलट कॅव्हन्साईट पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जोडून त्याला नाव मिळाले. तरी आज त्याचे नाव काढले की जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी वाघोलीच येते. परदेशातल्या खनिजप्रदर्शनात चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे’ वाचले की मी तेथून लवकर हलत नाही.

एक छोटी सूचना. येथील ढगाळ आकाशाचा उजेड दगडांसाठी अप्रतिम असतो, आणि पावसाळ्यातल्या पुण्यातही तो आठवडेच्या आठवडे मिळतो. दिवे विकत घेण्याआधी एक पावसाळा खिडकीत घालवून पाहावा.

कातळवेडी

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस येथे लिहिले नाही, कारण सांगितलेले एकेक करून पाहत होते.

ट्रेसिंग पेपरचा दंडगोल केला आणि आत काळ्या पट्ट्या उभ्या केल्या. अपोफायलाईटचा तो वरचा पैलू आता दुधाळ दिसतो आणि त्यात खालच्या थरांची एक बारीक भेगही दिसते, जी मी चार वर्षांत पाहिली नव्हती. अंधारखोली यांच्या सांगण्यावरून त्याच्यासाठी पोलरायझर काढून ठेवला. कॅव्हन्साईटचे एक्स्पोजर एका स्टॉपने (म्हणजे निम्म्याने) कमी केले आणि राखाडी कार्ड वापरले, तेव्हा पहिल्यांदाच पडद्यावरचा निळा रंग आणि शेजारी ठेवलेल्या गोळ्याचा निळा रंग यांत मला फरक सापडला नाही. चौकटीची रुंदी नऊ मिलिमीटर, जोडलेली छायाचित्रे ५२. गोळ्याच्या खाली एक वेगळीच, टोकदार पात्यांची निळी सुई दिसते आहे. ती पेंटागोनाईट (कॅव्हन्साईटचेच घटक असलेले, पण वेगळ्या रचनेचे खनिज) असावी का, हा प्रश्न मी वेगळ्या धाग्यात मोठ्या चित्रासह विचारीन.

संगमनेरच्या आपल्या मित्राने मला निरोपातून मोबाइलने काढलेली सहा छायाचित्रे पाठवली. घड्याळजीचे भिंग, दोन विटा आणि खिडकी एवढ्यावर काढलेली आहेत. त्यांतल्या एकात पोकळीतून बाहेर आलेल्या केसासारख्या बारीक पांढऱ्या सुयांचा झुबका इतका स्वच्छ आला आहे की त्याच्या परवानगीने तो येथे लावते. मला तो मेसोलाईट वाटतो, त्याला स्कोलेसाईट वाटते. सरांनी कृपया निवाडा करावा.

भूशास्त्र_वाचक

छायाचित्र फार सुरेख आहे. निवाडा मात्र मी करणार नाही, कारण नॅट्रोलाईट, मेसोलाईट आणि स्कोलेसाईट यांच्या इतक्या बारीक सुया केवळ पाहून वेगळ्या सांगता येत नाहीत. त्यासाठी क्ष-किरणांची किंवा ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लागते. चिठ्ठीवर ‘मेसोलाईट किंवा स्कोलेसाईट, तपासणी बाकी’ असे लिहावे आणि गाव व खाणीचे नाव त्याच्या खालीच असावे. दोन-चार सुटलेल्या सुया असतील तर त्या कागदाच्या पुडीत वेगळ्या ठेवाव्यात. सुट्टीत नाशिकला येणे झाले तर पुडी सोबत आणावी, माझ्याकडे जुना ध्रुवण सूक्ष्मदर्शक आहे आणि तो चालू आहे.

खाणीकाठचा

सर, पुडी करून ठेवली आहे. सात सुया आहेत. दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर येतो.